असुरगुरू शुक्राचार्य : संजीवनीचे तप आणि शिष्यकुळाची चिंता

॥ श्री ॥

श्रींचे दर्शन झाल्यावर नवग्रहांना प्रदक्षिणा घालण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. शनिदेवांपुढे भाविक तेल वाहतो, गुरूला पिवळी फुले व हरभऱ्याची डाळ अर्पण करतो, राहू-केतूंना भीत भीत का होईना पण नमस्कार करतो. शुक्राच्या मूर्तीपुढे मात्र फारसे कोणी थांबत नाही. विवाह जुळण्यास विलंब होऊ लागला की ज्योतिषाच्या सांगण्यावरून शुक्रवारी चार पांढरी फुले वाहिली जातात, एवढेच. आणि बोलण्यात शुक्राचार्यांचे नाव निघते ते 'झारीतील शुक्राचार्य' म्हणून. चांगल्या कार्यात आत बसून खोडा घालणारा तो झारीतील शुक्राचार्य, असा या शब्दांचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो. ज्या तपस्व्याने आपल्या शिष्यकुळाचा क्षय थांबविण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्या वाट्याला मराठी भाषेत एवढाच मान यावा, ही खेदाची गोष्ट होय.

शास्त्रांनी त्यांची योग्यता कधी अमान्य केलेली नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगताना क्रांतदर्शी कवींमध्ये आपण उशना आहोत, असे म्हणतात. उशना हे शुक्राचार्यांचेच नाव. त्याच अध्यायात पुरोहितांमध्ये देवगुरू बृहस्पतींनाही भगवंतांनी आपले रूप म्हटले आहे. म्हणजे देवांचा गुरू आणि असुरांचा गुरू हे दोघेही एकाच परमेश्वराच्या विभूती ठरतात. आचार्य कौटिल्यांनी अर्थशास्त्राच्या आरंभी ज्या दोघांना वंदन केले आहे, ते दोघेही हेच होत, आणि त्या वंदनात शुक्राचे नाव आधी आले आहे.

शुक्राचार्य हे महर्षी भृगूंच्या कुळातील. म्हणून त्यांना भार्गव म्हणतात. काव्य असेही त्यांचे एक नाव आहे. भृगूंसारख्या ब्रह्मर्षींच्या घरातील पुरुष असुरांच्या बाजूस कसा गेला, असा प्रश्न अनेकांना पडतो. परंतु देव आणि असुर हे मुळात परके नव्हेत. कश्यप ऋषींना अदितीपासून झालेली संतती ते देव, दितीपासून झालेली ते दैत्य आणि दनूपासून झालेली ते दानव. एका पित्याची ही मुले त्रैलोक्याच्या ऐश्वर्यासाठी एकमेकांशी झगडू लागली. विजयासाठी यज्ञ हवा आणि यज्ञासाठी पुरोहित हवा. तेव्हा देवांनी अंगिरसपुत्र बृहस्पतींना वरले आणि असुरांनी शुक्राचार्यांना. महाभारताने या झगड्याचा आरंभ इतक्या साधेपणाने सांगितला आहे. एकदा पौरोहित्य स्वीकारल्यावर मात्र शुक्राचार्यांनी ते केवळ दक्षिणेपुरते मानले नाही. असुरांचे हित हेच त्यांचे व्रत झाले.

हे व्रत सोपे नव्हते. मत्स्यपुराणात देवासुरांच्या बारा युद्धांची गणना आहे. हिरण्याक्ष गेला, हिरण्यकशिपू गेला, विरोचन गेला. प्रत्येक युद्धानंतर असुरांच्या घरांतून कर्ते पुरुष कमी होत गेले आणि उरलेले गुरूच्या आश्रमाशी येऊन उभे राहू लागले. आपल्या कुळाचा दिवसेंदिवस होणारा ऱ्हास डोळ्यांनी पाहणे आणि त्यावर आपल्यापाशी उपाय नाही हे जाणणे, यासारखे गुरूला दुसरे दुःख नाही. शुक्राचार्यांनी त्यांना धीर दिला. जे मंत्र बृहस्पतींपाशी नाहीत, ते आपण महादेवांकडून आणू. आपण परत येईपर्यंत शस्त्रे खाली ठेवा, वल्कले नेसा, तपस्व्यांसारखे राहा आणि वाट पाहा, असे त्यांनी बजावले.

महादेव प्रसन्न झाले, पण त्यांनी घातलेली अट कठीण होती. एक सहस्र वर्षे डोके खाली करून कोंड्याचा धूर प्राशन करीत तप करावयाचे. शुक्राचार्यांनी तेही स्वीकारले. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून होमकुंडापासून चार हात दूर सरणाऱ्या आपल्यासारख्यांना या तपाची कल्पनाही करवत नाही.

इकडे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. गुरू दूर गेले आहेत आणि असुर निःशस्त्र आहेत हे कळताच देव शस्त्रे परजून चालून आले. आम्ही शस्त्रे टाकली आहेत, आमचे गुरू व्रतस्थ आहेत, तुम्ही आम्हांला अभय दिले होते, असे असुरांनी परोपरीने सांगितले. देवांनी ऐकले नाही. तेव्हा ते सारे शुक्राचार्यांच्या मातेला शरण गेले. त्या वृद्ध मातेने त्यांना पाठीशी घातले आणि आपल्या तपोबलाने साक्षात इंद्राला जागच्या जागी खिळवून टाकले. श्रीविष्णूंनी इंद्राला आपल्या देहात आश्रय दिला. माता दोघांनाही जाळून टाकण्यास उद्युक्त झाली. आणि तेव्हा विष्णूंनी सुदर्शन चक्राने तिचा शिरच्छेद केला. महर्षी भृगू आले. स्त्रीवधाबद्दल त्यांनी विष्णूंना शाप दिला की तुला सात वेळा मनुष्यलोकात जन्म घ्यावा लागेल. मग मस्तक धडाला जोडून, आपल्या सत्याची साक्ष देऊन त्यांनी पाणी शिंपडले आणि ती माता झोपेतून उठावी तशी उठून बसली. पुराणकारांनी हा प्रसंग झाकून ठेवलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. देवांकडून अन्याय घडला तेथे त्यांनी तो अन्याय म्हणूनच लिहिला आहे.

इंद्र आता अधिकच घाबरला. त्याने आपली कन्या जयंती हिला शुक्राचार्यांकडे धाडले. तिने व्रतकाळात त्यांची मनोभावे सेवा केली. केळीच्या पानांनी वारा घातला, अनुकूल तेवढेच बोलली. सहस्र वर्षे पूर्ण झाली, महादेवांनी वर दिला. परंपरेने या तपाचेच फळ म्हणजे मृतसंजीवनी विद्या, असे मानले आहे. मृताला पुन्हा उठविण्याचे हे सामर्थ्य त्या वेळी त्रैलोक्यात दुसऱ्या कोणापाशीही नव्हते. आणि वर मिळाल्यावर शुक्राचार्यांनी काय केले? धावत शिष्यांकडे न जाता जयंतीच्या सेवेचे फळ म्हणून दहा वर्षे ते तिच्यासह अदृश्य होऊन राहिले. सहस्र वर्षांच्या कष्टांपुढे दहा वर्षे ती काय, असे कोणी म्हणेल. पण नेमक्या त्याच दहा वर्षांत बृहस्पतींनी शुक्राचार्यांचे रूप घेतले, असुरांकडे जाऊन 'मी आलो' म्हणाले आणि त्यांना आपल्या मताप्रमाणे शिकवू लागले.

दहा वर्षांनी खरे गुरू परतले. एकसारखे दिसणारे दोघे समोरासमोर उभे राहिले. असुर म्हणाले, आम्हांला दहा वर्षे शिकविले तेच आमचे गुरू, तुम्ही कोण ते आम्ही जाणत नाही, निघून जा. ज्यांच्यासाठी धूर प्यायला, ज्यांच्यासाठी मातेने मान दिली, त्यांनीच दारातून परत पाठविले. शुक्राचार्यांचा क्रोध अनावर झाला आणि तुमची बुद्धी नष्ट होईल, तुम्ही पराभूत व्हाल, असा शाप त्यांच्या तोंडून बाहेर पडला. शाप उच्चारला जाताच बृहस्पती मूळ रूपात प्रकट झाले आणि कार्य साधून अंतर्धान पावले. मग प्रल्हादाला पुढे करून असुर रडत आले. गुरूंनी त्यांना क्षमा केली. एकदा दिलेला शाप पुरता मागे घेता येत नाही, परंतु पुढील सावर्णि मन्वंतरात बळीला राज्य मिळेल, असे आश्वासन त्यांनी दिले. ज्योतिषशास्त्रात शुक्राची उच्च राशी मीन आहे आणि त्या राशीचा स्वामी गुरू, म्हणजे बृहस्पती आहे. एवढ्या वैरानंतरही शुक्राला सर्वाधिक बळ बृहस्पतीच्या घरी मिळावे, हे ऐकून जाणत्यांना हसू येते.

संजीवनी विद्या आणि तिची मर्यादा

या विद्येच्या बळावर असुरांचा क्षय काही काळ थांबला. महाभारत सांगते की असुरांनी मारलेले देव मेलेलेच राहत आणि देवांनी मारलेले असुर पुन्हा उठून लढावयास येत. अंधकासुराच्या युद्धात तर ही विद्या इतकी प्रभावी ठरली की शिवगणांचाही इलाज चालेना. तेव्हा नंदीने शुक्राचार्यांना धरून आणले आणि महादेवांनी त्यांना गिळून टाकले. उदरात त्यांना चराचर विश्व दिसले. बाहेर पडण्याची वाट मात्र दिसेना. अखेर स्तुतीने संतुष्ट होऊन महादेवांनी त्यांना शुक्ररूपाने बाहेर सोडले, म्हणून शुक्र हे नाव आणि पार्वतीमातेच्या पुत्राचे नाते, अशी कथा आहे. काशीक्षेत्री शुक्रेश्वराचे स्थान आहे, ते त्यांच्याच तपाचे स्थान म्हणून दाखविले जाते.

परंतु विद्या देह उठविते, बुद्धी उठवीत नाही. ज्या अहंकाराने मनुष्य रणात पडला, तोच अहंकार घेऊन तो उठतो. असुर उठले आणि पुन्हा त्याच रणात गेले. मरणाचे भय गेल्यामुळे ते अधिक बेपर्वा झाले, असेही म्हणता येईल. गुरूंचे सारे सामर्थ्य मेलेल्यांना उठविण्यात खर्च होऊ लागले आणि जिवंतांना शहाणे करण्याचे काम मागे पडले, हे कचाच्या कथेत स्पष्ट दिसते.

देवांनी बृहस्पतींचा पुत्र कच याला ही विद्या संपादन करण्यासाठी शुक्राचार्यांकडे पाठविले. कच लपून आला नाही. आपण अमक्याचा पुत्र, अमक्याचा नातू, असे त्याने प्रथमच सांगितले. शुक्राचार्यांनीही शत्रूचा मुलगा म्हणून त्याला हाकलले नाही. त्याचे स्वागत केले, त्याचा सत्कार हा बृहस्पतींचाच सत्कार, असे ते म्हणाले. विद्यार्थी म्हणून दारी आलेल्याला गुरूने नाही म्हणू नये, हा त्यांचा धर्म होता. कच गुरूंची सेवा करू लागला, गुरुकन्या देवयानीसाठी फुले आणू लागला. अशी पाचशे वर्षे गेल्यावर असुरांना त्याचा हेतू कळला. गाई राखीत असताना त्यांनी त्याला ठार केले आणि त्याचे तुकडे लांडग्यांना घातले. सूर्य मावळला, अग्निहोत्र झाले, गाई राखणदाराविनाच घरी आल्या, कच दिसत नाही, असे देवयानीने पित्याला सांगितले. शुक्राचार्यांनी विद्येचा प्रयोग केला आणि कच उठून आला. दुसऱ्या खेपेसही तसेच झाले. तिसऱ्या खेपेस असुरांनी त्याला जाळले, राख मद्यात कालविली आणि ते मद्य खुद्द गुरूंनाच पाजले.

मंत्राने हाक मारताच कच गुरूंच्या पोटातून हळूच बोलला. गुरूंच्या लक्षात सारा प्रकार आला. कच बाहेर यावयाचा तर पोट फाटणार आणि गुरू मरणार. त्यांनी कन्येला विचारले, कच हवा की पिता? तिने उत्तर दिले की दोन्ही दुःखे सारखीच जाळणारी आहेत. एक गेला तर सुख नाही, दुसरा गेला तर जीव नाही. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला ती विद्या शिकविली, पुत्र म्हणून बाहेर ये आणि मग मला उठव, असे सांगितले. कच बाहेर आला. त्याने मृत गुरूला त्याच विद्येने जिवंत केले. ज्या विद्येसाठी सहस्र वर्षे तप केले, ती अशा रीतीने शत्रुपक्षाच्या हाती गेली. ती देवांनी चोरली, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु नीट पाहिले तर ती असुरांनीच आपल्या हातांनी गुरूच्या मुखात घातली. आपल्या रक्षणकर्त्यालाच त्यांनी फसवून पाजले होते. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी मद्यपानाचा निषेध करणारी मर्यादा घालून दिली आणि दानवांना मूर्ख म्हटले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत विद्याहरण' हे नाटक १९१३ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून गुरूंचे हे मद्यपान मराठी प्रेक्षकांच्या चांगले परिचयाचे आहे.

कच जाताना देवयानीने त्याला विवाहाविषयी विचारले. आपण दोघे एकाच उदरातून आलो, तू मला बहीण आहेस, असे म्हणून त्याने नकार दिला. तिने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणाला, मी जिला शिकवीन त्याला तर फळेल. आणि कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही, असा प्रतिशाप त्याने दिला.

शर्मिष्ठेचा त्याग

असुरांचा राजा वृषपर्वा. त्याची कन्या शर्मिष्ठा आणि गुरूंची कन्या देवयानी वनात जलक्रीडेस गेल्या असता वाऱ्याने वस्त्रांची सरमिसळ झाली आणि शर्मिष्ठेने चुकून देवयानीचे वस्त्र नेसले. शब्दाला शब्द वाढला. तुझा बाप खाली बसून माझ्या बापाची भाटासारखी स्तुती करतो. तू मागणाऱ्याची मुलगी, मी देणाऱ्याची, असे बोलून शर्मिष्ठेने तिला विहिरीत लोटून दिले. मृगयेस आलेल्या ययाती राजाने हात देऊन देवयानीला वर काढले.

शुक्राचार्य कन्येपाशी आले. प्रथम त्यांनी तिला क्षमेचा उपदेश केला. शंभर वर्षे दर महिन्यास यज्ञ करणारा एकीकडे आणि कोणावरही न रागावणारा दुसरीकडे ठेवला, तर न रागावणारा श्रेष्ठ, अशा आशयाचे त्यांचे वचन महाभारतात आहे. उपदेश उत्तम होता. पण तो देवयानीला पटला नाही, आणि थोड्याच वेळात तो उपदेशकालाही आवरता आला नाही. ते तडक राजसभेत गेले आणि आपण हे राज्य सोडून जात आहोत, असे त्यांनी वृषपर्व्याला सांगितले. वृषपर्वा हादरला. तुम्ही गेलात तर आम्हांला समुद्रात शिरण्यावाचून गती नाही, असे तो म्हणाला. गुरू म्हणाले, समुद्रात शिरा नाही तर दिशा दिशांना पळा, माझ्या मुलीचे दुःख मला सोसवत नाही. तिला प्रसन्न करा. ज्या कुळासाठी सर्वस्व वेचले, त्या कुळापेक्षा कन्येचा रुसवा त्या घटकेस मोठा झाला. तप, त्याग, विद्या या सर्वांच्या तळाशी असलेली ममता तेथे उघडी पडली. शिष्यांवरचे प्रेम आणि लेकीवरचे प्रेम यांची जात एकच. 'माझे' या शब्दातून दोन्ही निघालेली.

देवयानीने मागितले, शर्मिष्ठा सहस्र दासींसह माझी दासी व्हावी आणि मी सासरी जाईन तेथे तिने माझ्यामागे यावे. दाईने हे शर्मिष्ठेला सांगितले. कालपर्यंत उद्धटपणे बोलणारी ती राजकन्या क्षणभरही अडली नाही. माझ्या अपराधामुळे गुरू आणि देवयानी जाऊ नयेत, एवढे बोलून ती पालखीत बसली. देवयानीने खोचकपणे विचारले, देणाऱ्याची मुलगी मागणाऱ्याच्या मुलीची दासी कशी होणार? शर्मिष्ठेने उत्तर दिले की पीडित झालेल्या आपल्या आप्तांना ज्या कोणत्या उपायाने सुख होईल, तो उपाय मी करीन. संजीवनी विद्या जेथे निरुपयोगी ठरली होती, तेथे या मुलीच्या एका निश्चयाने असुरांचे राज्य वाचले. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीत शर्मिष्ठा वाचकांच्या मनात घर करून राहते, तिला आधार आहे तो मूळ कथेतील याच प्रसंगाचा. या कादंबरीस पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. देवयानीचा विवाह ययातीशी झाला. तिला यदू आणि तुर्वसू हे पुत्र झाले. शर्मिष्ठेला ययातीपासून द्रुह्यू, अनू आणि पूरू. हे कळल्यावर देवयानी पुन्हा पित्याकडे गेली, पित्याने पुन्हा शाप दिला, ययाती अकाली वृद्ध झाला, आणि ते वार्धक्य धाकट्या पूरूने आपल्या अंगावर घेतले.

वामन आणि बळी

शुक्राचार्यांची सर्वांत मोठी कसोटी लागली ती बळीराजाच्या यज्ञात. समुद्रमंथनानंतर अमृत देवांना मिळाले आणि युद्धात बळी इंद्राच्या वज्राने पडला. दैत्यांनी त्याला अस्त पर्वतावर नेले. ज्यांचे अवयव नष्ट झाले नव्हते आणि माना शाबूत होत्या, त्यांना शुक्राचार्यांनी संजीवनी विद्येने उठविले, असे भागवताच्या आठव्या स्कंधात सांगितले आहे. म्हणजे सर्वांना उठविता आले नाही, हे उघड आहे. बळी मात्र उठला, आणि गुरूच्या स्पर्शाने भान आल्यावर पराजय होऊनही खिन्न झाला नाही. मग भृगुकुळातील ब्राह्मणांनी त्याच्याकडून विश्वजित यज्ञ करविला. अग्नीतून रथ, धनुष्य, भाते निघाले. बळीने स्वर्ग जिंकला. क्षीण झालेले कुळ पुन्हा वैभवाला पोहोचले. गुरूंच्या तपाचे सार्थक झाले, असे वाटण्याजोगा तो काळ होता.

नर्मदेच्या उत्तर तीरावर भृगुकच्छ येथे, म्हणजे गुजरातमधील आजच्या भरूच नगरीच्या परिसरात, बळीचा अश्वमेध चालला असता तेथे बटू वामन आले. त्यांनी तीन पावले भूमी मागितली. बळी पाणी सोडण्यास सिद्ध झाला. त्या सभेत एकट्या शुक्राचार्यांनी त्या बटूला ओळखले. हा विष्णू आहे, दोन पावलांत सारे व्यापील, तिसऱ्याला जागा उरणार नाही, तेव्हा दिलेला शब्द मागे घे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. प्राणसंकटात आणि उपजीविकेच्या रक्षणार्थ बोललेले असत्य निंद्य नाही, असे शास्त्राचे आधारही दिले. या उपदेशात स्वार्थ नव्हता. जे कुळ कितीदा तरी चितेवरून उठविले, ते पुन्हा एका चुळक्याभर पाण्याने बुडणार, हे त्या वृद्ध गुरूला दिसत होते.

बळीने नम्रपणे नकार दिला. प्रल्हादाचा नातू असून, देतो म्हणून नंतर नाही कसे म्हणू, असे तो म्हणाला. गुरूंनी त्याला ऐश्वर्यभ्रष्ट होशील असा शाप दिला. लोककथा पुढे सांगते की त्यावरही न थांबता ते सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत शिरून बसले, पाणी अडले, वामनांनी दर्भाने तोटी मोकळी केली आणि त्या दर्भाने शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. भागवतात हा प्रसंग नाही, पण मराठी माणसाने कथेतला तेवढाच भाग लक्षात ठेवला. दानात विघ्न आणले म्हणून आपण त्यांना हसतो. शिष्याचे घर जळताना दिसल्यावर स्वतःला दारात आडवे टाकणारा तो गुरू होता, हे हसताना आठवत नाही. त्यांचे चुकले नाही असे नव्हे. ईश्वर दारी आला आहे हे त्यांनी ओळखले आणि तरीही दार लावावयास सांगितले, ही चूक लहान नव्हती. ज्याला ओळख पटली नव्हती त्या शिष्याचे मात्र, केवळ दिल्या वचनाला जागल्यामुळे, कल्याण झाले.

तिसरे पाऊल बळीने आपल्या मस्तकावर घेतले. भगवंतांनी त्याला सुतल लोक दिला आणि स्वतः त्याचे द्वारपाल झाले. असुरकुळ नष्ट झाले नाही. गुरूंनी मांडलेल्या एकाही उपायाने नव्हे, तर गुरूंनी नाकारलेल्या उपायाने ते तरले. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातील घराघरांत ओवाळताना बळीचे राज्य यावे अशी इच्छा आजही बोलून दाखविली जाते, ती याच बळीची.

भागवतातील त्या प्रसंगाचा शेवट फार थोड्या प्रवचनांतून ऐकावयास मिळतो. सारे आटोपल्यावर भगवान ऋत्विजांमध्ये बसलेल्या शुक्राचार्यांकडे वळले आणि तुमच्या शिष्याच्या यज्ञात जे न्यून राहिले असेल ते तुम्ही पूर्ण करा, असे त्यांनी सांगितले. ज्याने राज्य घेतले त्याची ही आज्ञा, आणि ज्याला शाप दिला त्या शिष्याचा हा यज्ञ. शुक्राचार्य म्हणाले, जेथे यज्ञपुरुष स्वतः पूजिला गेला तेथे न्यून कसले; मंत्रात, तंत्रात, देशकालात जे उणे राहते ते आपल्या नामसंकीर्तनाने भरून निघते; तरी आपली आज्ञा मी पाळतो. आणि ब्रह्मर्षींसह त्यांनी बळीचा अपुरा यज्ञ पुरा केला. रागावून निघून गेल्याचे भागवत सांगत नाही.

वंशाची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. शर्मिष्ठेच्या पूरूपासून पौरव वंश चालला आणि त्यातच पुढे कुरू व पांडव झाले. म्हणजे धर्मराजांच्या पूर्वजांत असुरराज वृषपर्व्याची कन्या आहे. देवयानीच्या यदूपासून यादव झाले आणि त्या कुळात वसुदेव-देवकींच्या पोटी भगवान श्रीकृष्ण आले. भृगूंनी ज्यांना मनुष्यजन्माचा शाप दिला होता, ते विष्णू अशा रीतीने शुक्राचार्यांच्या मुलीच्या वंशात जन्मास आले. पंढरीच्या विटेवर उभ्या असलेल्या सावळ्या मूर्तीला वारकरी तो यादवराणाच मानतात.

शुक्राचार्यांची मंदिरे फार नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव येथे गोदावरीच्या काठी बेट नावाचा भाग आहे; तेथे गुरू शुक्राचार्यांचे प्राचीन मंदिर असून जवळच कचेश्वराचे स्थान आहे. कचाला संजीवनी विद्या मिळाली ती याच भूमीवर, अशी तेथील श्रद्धा आहे. पंचांगाप्रमाणे शुक्राचा अस्त असताना विवाहाचे मुहूर्त नसतात, परंतु या मंदिरात वर्षातील कोणत्याही दिवशी मुहूर्त न पाहता लग्न लावता येते, असे मानतात, आणि दूरदूरची वऱ्हाडे तेथे येतात. शिर्डीस जाणाऱ्या यात्रेकरूंना कोपरगाव वाटेवरच पडते. गुरू-शिष्य दोघांचेही दर्शन एकाच फेरीत घडते.